लोककथेची प्रेमकादंबरी करताना सवतीचं काय करायचं? (मदत हवी)

सदाफुली

मंडळी, बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते. आज अडलेय म्हणून धागा काढतेय.

भाची सतरा वर्षांची आहे. तिच्या टेबलावर जाडजूड इंग्रजी कादंबऱ्यांची चळत असते, त्यातल्या निम्म्या जुन्या परीकथा नव्याने सांगितलेल्या. शापित राजपुत्र, झोपलेली राजकन्या, काचेचा बूट, आणि मधे चारशे पानांचं प्रेमप्रकरण. मागच्या दिवाळीत ती म्हणाली, "मावशी, आपल्याकडे राजकन्या नव्हत्या का गं?" म्हटलं, होत्या की. तर म्हणे, "मग त्यांचं कुणी का लिहीत नाही?"

झालं, मी खुंटीला टांगलेलं लेखन खाली काढलं.

गोष्ट निवडली ती 'ओल्ड डेक्कन डेज'मधली. १८६८ सालचं पुस्तक. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची मुलगी मेरी १८६५-६६ च्या हिवाळ्यात वडिलांबरोबर दख्खनच्या दौऱ्यावर होती, तेव्हा तिच्या आयेने (देखभाल करणाऱ्या बाईने), अॅना लिबरेटा डिसूझा हिने, या गोष्टी तिला सांगितल्या. अॅनाला त्या तिच्या आजीकडून मिळालेल्या.

गोष्टीतली राजकन्या सोदेवाबाई. (मेरीने अर्थ दिलाय त्यावरून हे आपलं 'सुदैवा' असणार. मी सुदैवाबाईच लिहितेय.) जन्मतःच तिच्या गळ्यात सोन्याचे मणी असतात आणि तिचा जीव त्या मण्यांत. ती बोलली की तोंडातून मोती सांडतात, बाप त्यावर गब्बर होतो. एकदा डोंगरावर फुलं तोडताना तिची जोडव्यासारखी नाजूक, रत्नजडित चप्पल घसरून दरीत पडते. शिकारीला आलेल्या रावजी नावाच्या राजपुत्राला ती सापडते. शोध, लग्न, सगळं यथासांग.

इथवर सिंड्रेलाच. पण रावजीची आधीची एक राणी आहे. सुदैवा भाबडेपणाने तिला मण्यांचं गुपित सांगून बसते. राणी दासीकरवी मणी चोरते आणि तिलाच घालायला लावते. सुदैवा मरते. रावजी तळ्याकाठी तिची समाधी बांधतो आणि रोज तिथे जाऊन बसतो, दिवसा. दासी मात्र रात्री झोपताना मणी काढून ठेवते. त्यामुळे सुदैवा दिवसा मेलेली आणि रात्री जिवंत! त्याच समाधीत तिला मूल होतं, रावजीला एका रात्री ती सापडते आणि अखेर त्या बाळाच्या हातून मणी परत येतात.

सहा प्रकरणं लिहून एका ओळखीच्या संपादकांना दाखवली. ते म्हणाले, "पहिली राणी काढून टाका. तरुण मुलींना विवाहित हिरो चालणार नाही. आणि चपलेचा शोध लांबवून लग्नापाशी संपवा, पुढचं फार काळोखी आहे."

त्यांचं पटतंही आणि नाहीही. काय करू?

खडीसाखर

रुमाल टाकून ठेवते. कुकर लावून येते.

घाटमाथा

वा, विषय छान. संपादक म्हणतात ते अजिबात करू नका.

ए. के. रामानुजन यांनी कानडी लोककथा गोळा करताना एक गोष्ट हेरली होती. पुरुष नायक असलेल्या कथांत तो घराबाहेर पडतो, पराक्रम करतो आणि शेवटी लग्न होतं. बाईच्या कथांत लग्न आधीच होऊन जातं, खरी गोष्ट तिथून पुढे सुरू होते. नवरा दुरावतो किंवा तिला ओळखत नाही, कधी तीच झाड होते, कधी मुकी होते, आणि मग त्याला आणि स्वतःला परत मिळवते.

आपल्या श्रावणातल्या कहाण्या घ्या. आवडती-नावडती राणी म्हणजे लग्न होऊन वर्षं लोटलेली. भोंडल्यातली ती कारल्याच्या वेलीची सून घ्या. माहेरी जायला मिळेना हाच तिचा सगळा संघर्ष. या गोष्टी सांगणाऱ्या बायकांची लग्नं दहा-बाराव्या वर्षी झालेली. प्रेम झालंच तर ते लग्नानंतर व्हायचं. तुमचा संपादक नेमका प्रेमकथेचा भाग कापतोय आणि चपलेचा भाग ठेवतोय. चपलेत कसलं आलंय प्रेम? माप घेतलंय फक्त.

पेन्शनर_पेठकर

स्पष्ट बोलतो, राग नसावा. लोककथा या लोकांच्या. त्यांना फुगवून, चुंबनदृश्यं घालून चारशे पानांचा 'माल' कशाला करायचा? आजीने दहा मिनिटांत सांगितली तीच खरी गोष्ट. बाकी सगळी बाजारू नक्कल. विदेशात चाललंय म्हणून इथेही चालवायचं.

घाटमाथा

काका, बाजार तिकडेही आजचा नाही. 'ब्यूटी अँड द बीस्ट' आपण जी ऐकतो ती मुळात मादाम द व्हिलनव्ह या बाईने १७४० मध्ये लिहिलेली लांबलचक कादंबरीवजा कथा. १७५६ मध्ये मादाम द बोमाँने ती छाटून छोटी केली. ही बाई लंडनमध्ये मुलींना शिकवायची, लिहिलीही मुलींसाठीच. छाटलं काय? व्हिलनव्हच्या गोष्टीत तो श्वापद रोज रात्री विचारतो, माझ्याबरोबर झोपशील का. बोमाँने त्याचं 'माझी बायको होशील का' केलं. आणि मूळ कथेत शाप उतरल्यावरही गोष्ट पुढे कितीतरी पानं चालते. राजपुत्राची आई व्यापाऱ्याच्या मुलीला सून करून घ्यायला कुरकुरते, पऱ्यांची जुनी भांडणं निघतात. ते सगळं बोमाँने उडवलं.

म्हणजे सदाफुलीताईंचे संपादक २७० वर्षं उशिरा आलेत, एवढंच. :)

खडीसाखर

आले. सासू-सुनेची कुरकुर तिकडेपण? बरं वाटलं वाचून.

ताई, थोडा मसुदा टाका ना इथे. नुसत्या कथानकावरून काय सांगणार?

सदाफुली

टाकते, हसू नका. रावजी पहिल्यांदा तिला रात्री पाहतो तो प्रसंग:

*चंद्रप्रकाशात न्हाऊन निघालेली सुदैवा एखाद्या अप्सरेसारखी भासत होती. तिच्या डोळ्यांच्या डोहात रावजी हरवून गेला. "तुम्ही... तुम्ही जिवंत आहात?" त्याच्या तोंडून शब्द फुटेना. "मी तुमचीच आहे, जन्मोजन्मी," ती लाजून म्हणाली. तिच्या ओठांतून ओघळलेले मोती चांदण्यात चमकत होते.*

मुक्काम_मिरज

ताई, हलकेच घ्या, पण ही बाई दोन महिने मेलेली आहे हो. रोज पहाटे मरते. पोटुशी आहे. ती लाजेल? मला तर वाटतं तिला आधी कडकडून भूक लागलेली असेल.

दुसरं म्हणजे ते 'तुम्ही'. दोघं एकमेकांना तुम्ही म्हणतात ते राजवाड्यात ठीक आहे, चार माणसं ऐकताहेत. समाधीपाशी कोण आहे ऐकायला? माझ्या आजीने आजोबांना आयुष्यभर चारचौघांत 'अहो' म्हटलं. शेवटच्या आजारपणात ते दवाखान्यात ऐकेनात, सलाईनची नळी ओढायला लागले, तेव्हा ती एकदम म्हणाली, "अरे, असं काय करतोस?" आम्ही सगळे गप्प. आजोबापण गप्प, हात खाली ठेवला त्यांनी. ती त्याआधी कधी 'अरे' म्हणाली असेल का, किती वेळा, कुठे, हे आम्हाला कधी कळणार नाही. इंग्रजीत ही सोयच नाही, तिकडे सगळे 'यू'. तुमच्या हातात आयतं हत्यार आहे आणि तुम्ही अप्सरा आणताय.

खडीसाखर

मिरजकर, डोळ्यांत पाणी आणलंत. +१

उनाड_पाखरू

हाय. मी १९, इंजिनिअरिंग दुसरं वर्ष, बाबांनी लिंक पाठवली. मी ताईंच्या भाचीच्या चळतीतली बरीच पुस्तकं वाचलीयेत, म्हणून बोलते.

एक. 'काळोखी आहे म्हणून नको' हे मोठ्यांचं म्हणणं आहे. आम्ही वाचतो त्यातलं निम्मं काळोखीच असतं. सारा मासची 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' मालिका २०१५ ला सुरू झाली तेव्हा यंग अॅडल्टच्या नावाखाली आली, नंतर उचलून मोठ्यांच्या कप्प्यात ठेवावी लागली. वाचणारे तेच. (माझ्याच हॉस्टेलवर एक प्रत इतकी फिरली की तिचं कव्हर गेलंय.)

दोन. ती बोलली की मोती पडतात. ओके. मग ती बोलते तेव्हा सगळे कुठे बघत असतील? खाली! जमिनीवर! बाप, दासी, सगळे वेचत असतील. तिचं बोलणं कुणी ऐकलंच नसेल कधी. रावजी जर पहिला माणूस असेल जो मोत्यांकडे न बघता तिच्या तोंडाकडे बघतो, तर मला बाकी काही नको. चुंबनदृश्यसुद्धा नको, पेठकर आजोबा.

तीन. ती दासी. तिला नाव का नाही?

सदाफुली

पाखरू, तू कुठे होतीस इतके दिवस! मोत्यांचं मला सुचलंच नव्हतं. मी त्यांना दागिना समजत होते.

दासी मूळ इंग्रजीत 'हबशी' आहे, त्या काळी वापरायचे त्या शब्दात. मी नुसतं 'काळी दासी' केलं होतं. आता वाचताना लाज वाटतेय.

घाटमाथा

ते बदलाच. दुष्टपणा दाखवायला रंग काळा, हे शंभर जाहिरातींतून पोरींच्या डोक्यात बसलेलंच आहे, वर आपण कशाला थर द्यायचा? पण हबशी असणं मात्र काढून टाकू नका. दख्खनच्या गोष्टीत हबशी येणं अगदी स्वाभाविक आहे. अहमदनगरची निजामशाही ज्याने तोलून धरली तो मलिक अंबर गुलाम म्हणून आलेला हबशी. जंजिऱ्याचे सिद्दी आहेतच. राजवाड्यात आफ्रिकेतून आणलेली बाई असू शकते, तिला भाषा असेल, घर आठवत असेल. तिचा स्वतःचा काही हिशोब असेल. सुदैवाचा जीव चोवीस तासांतले बारा-चौदा तास अक्षरशः तिच्या गळ्यात आहे! एवढी सत्ता त्या राजवाड्यात दुसऱ्या कुणाकडे आहे?

रात्री ती मणी का काढते, हे विचारा तिला. मूळ गोष्टीत झोपताना काढते इतकंच. टोचतात म्हणून? की मुद्दाम?

पेन्शनर_पेठकर

'मुद्दाम' हा विचार चांगला आहे. (विरोध कायम आहे.)

वरणभात_तूप_लिंबू

अवांतर: समाधी का, दहन का नाही, हे कुणाला खटकलं नाही का? माझं आजोळ लिंगायत, तिकडे पुरतात. अॅना डिसूझाचे आजोबा मूळचे कालिकतकडचे लिंगायत, तिथून गोव्यात येऊन ख्रिस्ती झाले, असं तिनेच पुस्तकाच्या सुरुवातीला स्वतःबद्दल सांगितलंय. दोन्हीकडे पुरण्याचीच रीत. कथेतली समाधी तिथूनच आली असं म्हणणं धाडसाचं होईल. पण ती गोष्ट सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला 'राणीला जाळली का नाही' हा प्रश्न पडला नसणार, एवढं नक्की.

खडीसाखर

मग ही मराठी लोककथा म्हणायची का? पुस्तकाच्या पाठीवर काय छापणार?

वरणभात_तूप_लिंबू

दख्खनची म्हणा. कालिकत, गोवा, पुणे, आणि शेवटी लंडनचा छापखाना. जीव मण्यात, जीव पोपटात हे तर सगळीकडेच आहे. आमच्याकडे आजी राक्षसाचा जीव सांगायची तो सात समुद्रांपलीकडच्या पिंजऱ्यातल्या पोपटात. पाय मोडला पोपटाचा की राक्षस लंगडला. आम्ही पोरं जेवताना एकमेकांचे पाय मोडायचो.

मुक्काम_मिरज

सवतीकडे कुणी येईना म्हणून मीच येतो.

ताई, पहिली राणी एकदाच खून करत नाही. रोज सकाळी करते. दासीने मणी घातले का, हे तिला रोज बघावं लागत असणार. एखाद्या सकाळी तिला नको वाटलं असेल. एखाद्या सकाळी उशीर झाला असेल. आणि हे सगळं करून तिला मिळालं काय? नवरा दिवसभर समाधीपाशी जाऊन बसतो. जिवंत सवत होती तेव्हा निदान जेवायला तरी घरी यायचा. ही बाई काढून टाकली तर तुमच्याकडे उरतं काय? चप्पल.

रावजी विवाहित आहे हे लपवूही नका. सुदैवाला ते कधी कळलं, लग्नाआधी की वरातीत, हे लिहा. त्याने सांगितलं नसेल तर त्याच्यावर चिडू द्या तिला. समाधीत पडून चिडायला भरपूर वेळ आहे.

कायद्याचं_बोला

एक व्यावहारिक मुद्दा. नायिकेचं वय अठराच्या वर ठेवा. लोककथेतल्या राजकन्या कोवळ्या पोरी असतात, त्यांना मूलही होतं. त्या काळी ते खपलं. मुलींच्या लग्नासाठी १४ ही किमान मर्यादासुद्धा १९२९ च्या शारदा कायद्याने आली. आज अल्पवयीन नायिकेची शृंगारिक दृश्यं लिहिणं ना नैतिकदृष्ट्या बरं, ना कायद्याच्या बाजूने सुखाचं. प्रकाशक हात लावणार नाही.

सदाफुली

एकोणीस केलंय. भाचीपेक्षा दोन वर्षांनी मोठी, म्हणजे तिला 'ताई' वाटेल इतपतच.

उनाड_पाखरू

माझ्याएवढी!! मला मुलं-बिलं नकोयत पण. :D

पेन्शनर_पेठकर

शेवट बदलणार का? त्यावर कोणी बोलत नाही. राजस्थानातल्या भुताची गोष्ट आठवा. विजयदान देथांनी ती 'दुविधा' म्हणून लिहिली. नवरा व्यापाराला गेलेला, भूत त्याचं रूप घेऊन नववधूपाशी राहतं, तिला खरं सांगून राहतं. देथांच्या कथेत शेवटी भुताला पखालीत कोंडतात आणि ती बाई नवऱ्याच्या घरात उरते. मणी कौलांनी १९७३ मध्ये त्यावर सिनेमा केला. पुढे २००५ मध्ये आपल्या पालेकरांनी 'पहेली' केला, त्यात भूत नवऱ्याच्याच देहात शिरून परत येतं आणि सगळं गोड. मी दोन्ही पाहिलेत. गोड शेवटाला घरचे खूश झाले. मला मात्र रात्री ती पखालच आठवत राहिली.

घाटमाथा

काका, तुम्ही विरोधात आहात ना नक्की?

पेन्शनर_पेठकर

आहे. पण वाईट लिहिण्याच्या विरोधात जास्त आहे.

सदाफुली

धागा वर काढतेय. तीन आठवडे झाले. नोकरी, त्यात गणपती, जमेल तसं लिहिलं. पहिली राणी राहिली. तिला आता चार प्रकरणं मिळालीत आणि ती माझ्या डोक्यावर बसलीय. दासीचं नाव यास्मिन. लग्न दुसऱ्या प्रकरणातच उरकून टाकलं, चपलेला अडीच पानं. संपादकांना अजून कळवलेलं नाही.

तळ्याकाठचा प्रसंग पुन्हा लिहिला:

*रावजी पायऱ्या उतरून आला तेव्हा ती उकिडवी बसून ओंजळीने पाणी पीत होती. घटाघटा. केस पुढे येऊन भिजले होते, तिने ते मागे सारले नाहीत. शेजारी नैवेद्याचं पान पडलं होतं, त्याच्याच दुपारच्या नैवेद्याचं. त्यात आता केळ्याची सालं तेवढी होती.*

*त्याच्या पायाखाली खडा वाजला. ती वळली. किंचाळली नाही.*

*"कोंबडा आरवला का?"*

*एक मोती तिच्या ओठांवरून सुटला, पायरीवर आपटला आणि टणटणत पाण्यात गेला. तळ्यात वर्तुळं उठली. वाड्यात असती तर तीन दासी गुडघ्यांवर आल्या असत्या. रावजी तिच्याकडेच बघत होता.*

*"अजून नाही," तो म्हणाला.*

*"मग उभा काय राहिलास? बस. खायला आणलंयस का काही?"*

मुक्काम_मिरज

आता कसं! 'उभा काय राहिलास' ला मी खुर्चीतून उठलो.

एकच. नैवेद्य समाधीपुढे रोज तोच ठेवतो ना? मग रोज सकाळी पान रिकामं बघून त्याला काय वाटायचं? कावळे? घाला कुठेतरी.

सदाफुली

घातलंय आधीच्या प्रकरणात. त्याला वाटतं पुजारी खातो. पुजाऱ्याला वाटतं माकडं.

खडीसाखर

भाची काय म्हणाली?

सदाफुली

परवा वाचायला दिलं. पलंगावर पालथी पडून वाचलं, मधे फोन वाजला तो उलटा करून ठेवला. मी स्वयंपाकघरात उगाच भांडी घासत होते. शेवटी आली आणि म्हणाली, "मावशी, यास्मिन त्या रात्री मणी काढायची विसरली तर?"

म्हटलं, विसरली तर रावजी येऊन बसेल आणि ही उठणार नाही.

"मग तेच लिही ना. एक रात्र तो नुसता वाट बघतोय."

आज तेच लिहायला बसलेय. पहाटेपर्यंत आणलंय त्याला. अजून उठला नाहीये तो पायरीवरून.